दीर्घिकांच्या गाभ्यातील ध्रुवित रेडिओ-तरंग

वनस्पतिशास्त्रज्ञ पान चिरून पाहतो, रसायनशास्त्रज्ञ पदार्थ परीक्षानळीत घालून तापवतो, वैद्य रोग्याची नाडी हाती धरतो. खगोलशास्त्रज्ञाला ह्यांपैकी काहीच करता येत नाही. त्याचा अभ्यासविषय इतका दूर आहे की तेथून येणाऱ्या तरंगांवाचून त्याच्या हाती सहसा दुसरे काही पडत नाही. तरंग कोणत्या दिशेने आला, किती जोराचा आहे आणि त्याची लांबी किती आहे, ह्या तीन गोष्टी मोजूनच त्याचा बहुतेक संसार चालतो. परंतु तरंगाच्या अंगी आणखी एक, चौथा गुण असतो. तरंग कोणत्या रेषेत कंप पावत आहे, उभ्या, आडव्या की तिरप्या, हा तो गुण होय. सर्व तरंगांची कंपने एका ठरावीक रेषेत असली म्हणजे त्यांना ध्रुवित तरंग म्हणतात आणि ह्या गुणाला ध्रुवण असे नाव आहे.

हा चौथा गुण मोजल्याने काय हाती येते, हे आम्हांला येथे सांगावयाचे आहे. त्यासाठी तीन दीर्घिकांची केंद्रे आपण उदाहरणादाखल घेऊ. वसंतातल्या रात्री ही तिन्ही ठिकाणे आकाशात एकापाठोपाठ येतात. संध्याकाळी उत्तरेस सप्तर्षी वर चढलेले असतात. त्या बाजूस, सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर, मेसिए ह्या फ्रेंच ज्योतिर्विदाच्या यादीतील ८१ क्रमांकाची दीर्घिका आहे. आग्नेयेकडे चित्रा नक्षत्र आणि त्याला धरून असलेली कन्या रास दिसते. तिच्यात सुमारे ५ कोटी ५० लाख प्रकाशवर्षांवर त्याच यादीतील ८७ क्रमांकाची प्रचंड दीर्घिका आहे. मध्यरात्रीच्या सुमारास धनू रास उगवते. तिच्या दिशेला, २६-२७ हजार प्रकाशवर्षांवर, आपल्या स्वतःच्या आकाशगंगेचे केंद्र आहे. ही केंद्रे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण कोणीकडे पाहावयाचे एवढे तरी ध्यानात राहील.

तिन्ही ठिकाणी एकेक कृष्णविवर आहे. आपल्या आकाशगंगेतले सुमारे ४० लाख सूर्यांच्या वजनाचे, ८१ मधले सुमारे ७ कोटी सूर्यांच्या, तर ८७ मधले सुमारे ६५० कोटी सूर्यांच्या वजनाचे. कृष्णविवरातून काहीच बाहेर येत नाही. आपल्याला जे रेडिओ-तरंग मिळतात ते त्याच्याभोवती घिरट्या घालणाऱ्या तप्त वायूतून आणि त्यातून उसळणाऱ्या झोतांतून येतात.

छपरावरचे एरिअल आणि रेल्वेचे वेळापत्रक

ध्रुवण हा शब्द अपरिचित असला तरी त्याचा अनुभव आपल्या घराच्या छपरावर पुष्कळांनी घेतलेला आहे. दूरदर्शनचे जुने एरिअल आठवावे. त्याच्या कांड्या नेहमी आडव्या बसवीत. प्रक्षेपण-केंद्राकडून येणाऱ्या तरंगांतील विजेचे कंपन आडवे असे, म्हणून ते ग्रहण करणारी कांडीही आडवी लागे. तीच कांडी उभी केली तर चित्र फिके पडे. रेडिओ-दुर्बिणीत हीच युक्ती वापरतात. तिच्या तबकडीच्या नाभीवर एकमेकांशी काटकोन करणारे दोन ग्राहक बसवितात. दोघांकडे सारखीच शक्ती आली आणि त्यांच्या कंपनांचा परस्परांशी काही मेळ आढळला नाही, तर तरंग अध्रुवित होय. फरक पडला किंवा मेळ आढळला, तर तरंग ध्रुवित होय, आणि त्यावरून कंपनाची रेषाही काढता येते.

ह्या क्षेत्रातील पहिल्या प्रयोगांपैकी काही आपल्याच देशात झाले. १८९५ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस ह्यांनी विद्युत्-तरंगांच्या ध्रुवणावर प्रयोग केले. त्यांचे तरंग पाच मिलिमीटरांपर्यंत आखूड होते. ध्रुवण घडवून आणण्यासाठी त्यांनी महागडे उपकरण मागविले नाही. ब्रॅडशॉ नावाचे रेल्वेच्या वेळापत्रकाचे जाडजूड पुस्तक घेतले आणि त्याच्या पानापानांत कथिलाचा पातळ वर्ख घातला. वर्खाला समांतर असणारे कंपन त्यात अडे आणि त्याच्याशी काटकोन करणारे पार जाई. पुढे त्यांनी तागाच्या जुड्यांना पीळ देऊन त्यांतून हे तरंग सोडले, तेव्हा कंपनाची रेषा पिळाच्या दिशेप्रमाणे डावीकडे वा उजवीकडे वळते असे आढळले. हा ‘पीळ’ शब्द श्रोत्यांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

ध्रुवण येते कोठून?

दिव्याचा किंवा तापलेल्या लोखंडाचा प्रकाश ध्रुवित नसतो. तेथे अगणित अणू आपापल्या लहरीप्रमाणे कंप पावतात आणि कोणत्याही एका रेषेला प्राधान्य मिळत नाही. ध्रुवण हवे असेल तर कंपनांना शिस्त लावणारे काही तरी पाहिजे. दीर्घिकांच्या केंद्रात हे काम चुंबकीय क्षेत्र करते. प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळच्या वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात सापडले की त्यांचा मार्ग वाकतो आणि वाकताना ते प्रारण बाहेर टाकतात. ह्या प्रारणाचे कंपन चुंबकीय क्षेत्राशी काटकोनात असते. १९४७ साली अमेरिकेतील स्केनेक्टडी येथे सिंक्रोट्रॉन नावाच्या यंत्रात हा प्रकाश प्रत्यक्ष दिसला, म्हणून त्याला सिंक्रोट्रॉन-प्रारण हे नाव पडले.

आकाशात असेच काही घडत असेल काय, हा प्रश्न लवकरच निघाला. १९५३ साली रशियन शास्त्रज्ञ श्क्लोव्हस्की ह्यांनी वृषभ राशीतील खेकडा-तेजोमेघाचा प्रकाश ह्याच जातीचा असावा असे प्रतिपादन केले, आणि त्या प्रकाशात मोठे ध्रुवण आढळल्याने ते खरे ठरले. मेसिए ८७ मध्ये एक चमत्कारिक सरळ किरण केंद्रातून निघालेला दिसतो, अशी नोंद लिक वेधशाळेच्या हेबर कर्टिस ह्यांनी १९१८ सालीच करून ठेवली होती. १९५६ साली वॉल्टर बाडे ह्यांनी त्या किरणाचा प्रकाश ध्रुवित असल्याचे दाखविले. अडतीस वर्षे नुसती रेघ म्हणून माहीत असलेली ती वस्तू चुंबकीय क्षेत्राने बांधलेला, वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत आहे, हे त्यावरून उमगले.

तात्पर्य, रेडिओ-तरंग ध्रुवित आढळला म्हणजे उगमापाशी चुंबकीय क्षेत्र आहे हे कळते, आणि कंपनाच्या रेषेशी काटकोन केला की त्या क्षेत्राची दिशाही कळते. हा सरळ हिशेब झाला. खरी गंमत हा हिशेब जेथे बिघडला तेथे आहे.

उपाशी की अपचनी?

आकाशगंगेच्या केंद्राकडून रेडिओ-तरंग येतात हे कार्ल जान्स्की ह्यांनी १९३३ साली जाहीर केले. अगदी गाभ्यातला इवलासा उगम बालिक आणि ब्राउन ह्या दोघांनी फेब्रुवारी १९७४ मध्ये शोधला. त्याला आज सॅजिटेरियस ए-स्टार म्हणतात. नावात ‘स्टार’ असला तरी तो तारा नव्हे, कृष्णविवराचा परिसर होय. ह्या उगमाने शास्त्रज्ञांना पुष्कळ वर्षे एका कोड्यात घातले होते.

कोडे असे. भोवतालच्या मोठ्या ताऱ्यांवरून वाहणारा वायू ह्या कृष्णविवराकडे ओढला जातो. सुब्रह्मण्यम् चंद्रशेखर ह्यांच्या नावाने १९९९ साली सोडलेल्या ‘चंद्रा’ ह्या क्ष-किरण उपग्रहाने त्या वायूची घनता आणि तपमान मोजले. त्यावरून दरवर्षी सूर्याच्या वस्तुमानाचा दहा लाखावा ते एक लाखावा हिस्सा इतका वायू कृष्णविवराच्या दाराशी येत असावा असा हिशेब निघाला. आपल्या चंद्राच्या मापाने बोलावयाचे तर वर्षाला सुमारे २७ ते २७० चंद्र! इतका वायू आत पडताना इतर तेजस्वी दीर्घिकांच्या केंद्रांप्रमाणे तापला असता, तर त्याचे तेज दहा लाखांहून अधिक सूर्यांइतके व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात ते काही शे सूर्यांइतकेच आहे.

ह्याचे दोन अर्थ संभवतात. एक, वायू आत जातो खरा, पण आपली उष्णता बाहेर न टाकता तशीच घेऊन कृष्णविवरात गडप होतो. दुसरा, वायू दाराशी येतो पण आत जातच नाही. वाटेतच अडतो किंवा बाहेर फेकला जातो. पहिल्या अर्थी आपले कृष्णविवर पोटभर जेवून निस्तेज आहे, दुसऱ्या अर्थी ते उपाशी आहे. मंद तेज दोन्ही अर्थांशी जुळते, म्हणून नुसते तेज मोजून निकाल लागेना. दाराच्या आत किती वायू आहे हे मोजणारे काही तरी हवे होते.

हरवलेले ध्रुवण

अशा वेळी ध्रुवण मोजून पाहिले. वेगवान इलेक्ट्रॉन आहेत, चुंबकीय क्षेत्र आहे, तर काही सेंटिमीटर लांबीच्या तरंगांत चांगले ध्रुवण मिळावे अशी अपेक्षा. १९९९ साली बॉवर, फाल्के आणि बॅकर ह्यांनी प्रसिद्ध केलेल्या मापनांत सहा सेंटिमीटरांच्या आसपास ते हजारांत दोनांइतकेही निघाले नाही. मात्र दुसऱ्याच एका जातीचे ध्रुवण मिळाले. त्यात कंपनाची रेषा स्थिर न राहता गोल फिरत असते, म्हणून त्याला वर्तुळ-ध्रुवण म्हणतात. तेही हजारांत तीन-चार इतकेच, पण नि:संशय होते. सरळ ध्रुवण मोठे आणि वर्तुळ-ध्रुवण क्षुल्लक, हा इतर दीर्घिकांच्या केंद्रांतला नेहमीचा क्रम. येथे तो उलटा झाला होता.

ह्याची किल्ली मायकेल फॅराडे ह्यांच्या १८४५ सालच्या एका प्रयोगात होती. विद्युत्-चुंबकाच्या ध्रुवांमध्ये जड काचेचा तुकडा ठेवून त्यांनी त्यातून ध्रुवित प्रकाश सोडला, तेव्हा कंपनाची रेषा काही अंशांनी फिरली. बोस ह्यांच्या तागाच्या जुडीत रेषा वळत असे ती जुडीच्या घडणीमुळे. फॅराडेंच्या काचेत ती वळली चुंबकीय क्षेत्रामुळे. मोकळे इलेक्ट्रॉन आणि चुंबकीय क्षेत्र ज्या वायूत आहेत त्यातून जाणाऱ्या तरंगालाही असाच पीळ बसतो. वाटेत इलेक्ट्रॉन जितके अधिक आणि क्षेत्र जितके बळकट, तितका पीळ अधिक. शिवाय तरंगाची लांबी दुप्पट झाली की पीळ चौपट होतो, तिप्पट झाली की नऊपट.

आता ध्रुवण हरवते कसे ते पाहा. शंभर गड्यांना काठ्या उभ्या धरून रांगेत उभे केले आणि प्रत्येकाला काठी तीनशे वेढे फिरवावयास सांगितले. कोणी दोनशे सत्त्याण्णव घेतले, कोणी तीनशे साडेतीन, तर शेवटी काठ्या सर्व दिशांना रोखलेल्या दिसतील आणि आरंभी त्या उभ्या होत्या हे कोणाला ओळखूही येणार नाही. सहा सेंटिमीटरांच्या तरंगांचे असेच होते. दुर्बीण एकाच वेळी किंचित वेगवेगळ्या लांबीचे तरंग घेते. लांबीत शेकडा एकाचा फरक असला तर पिळात शेकडा दोनांचा पडतो. एकूण पीळ तीनशे वेढ्यांचा असेल तर तो फरक सहा वेढ्यांचा झाला. मग सरासरीत ध्रुवण उरावे कसे? वर्तुळ-ध्रुवणाला मात्र ह्या पिळाची बाधा होत नाही, कारण जे मुळातच गोल फिरते आहे त्याला आणखी फिरविल्याने ते पुसले जात नाही. आपल्या खिशातल्या टेलिफोनला वाट दाखविणारे उपग्रह वर्तुळ-ध्रुवित तरंग पाठवितात, त्याचे एक कारण हेच. पृथ्वीभोवतीच्या आयनांबरातही तरंगांना असा पीळ बसतो.

मग उपाय उघड होता. तरंग आखूड घ्यावयाचा, म्हणजे पीळ कमी बसेल. २००० साली हवाई बेटातील मौना केआ पर्वतावरच्या दुर्बिणीतून एटकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन मिलिमीटर आणि त्याहून आखूड तरंगांत सरळ ध्रुवण असल्याचे दाखविले. २००७ साली त्याच पर्वतावरील आठ तबकड्यांच्या सबमिलिमीटर ॲरेवर मॅरोन आणि सहकाऱ्यांनी सुमारे १.३ आणि ०.९ मिलिमीटर ह्या दोन लांब्यांच्या आसपासचे तरंग मोजले. किंचित वेगळ्या लांबीच्या तरंगांतील कंपनाच्या रेषांत फरक निघाला आणि त्यावरून पिळाचे मान निश्चित झाले. त्या मानाने १.३ मिलिमीटरांचा तरंग पन्नास-पंचावन्न अंशच फिरतो आणि ओळखू येतो. सहा सेंटिमीटरांचा तरंग तीनशेहून अधिक वेढे खातो आणि त्याचे ध्रुवण पुसले जाते.

वायूचे वजन

ह्या पिळानेच कोडे बरेचसे सोडविले. पीळ म्हणजे वाटेतल्या इलेक्ट्रॉनांचा आणि क्षेत्राचा गुणाकार. वर्षाला २७ किंवा २७० चंद्रांइतका वायू खरोखरच आत चालला असता तर गाभ्याजवळ तो इतका दाट झाला असता की मिलिमीटर-तरंगांचेही ध्रुवण पुसले गेले असते. ज्याअर्थी ते टिकले, त्याअर्थी वायू विरळ आहे. हिशेब केला तेव्हा वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाच्या शंभर कोटीव्या हिश्श्यापासून एक कोटीव्या हिश्श्यापर्यंतच वायू आत जात असावा असे निघाले. म्हणजे फार तर पावणेतीन चंद्र, आणि कमीत कमी चंद्राचा एक लहानसा तुकडा. दाराशी आलेल्या दहा भागांतला फार तर एक भाग आत जातो, बहुधा त्याहून पुष्कळच कमी. जो जातो तोही आपली उष्णता पुरती बाहेर टाकीत नाही, हे खरेच आहे. तथापि मुख्य गोष्ट ही की आपले कृष्णविवर उपाशी आहे.

येथे दोन सावधगिरीचे शब्द सांगणे आवश्यक आहे. गुणाकार मोजला म्हणून दोन्ही अवयव वेगळे कळत नाहीत. चुंबकीय क्षेत्र आणि वायू ह्यांची ऊर्जा सारखी आहे, अशा जातीची काही समजूत धरावी लागते. उत्तराची वरची मर्यादा खालच्या मर्यादेच्या शंभर पट येते ती त्यामुळेच. दुसरे असे की अत्यंत तप्त इलेक्ट्रॉन तरंगाला फारसा पीळ देत नाहीत, म्हणून अगदी काठावरचा वायू ह्या तराजूत पुरता तोलला जात नाही. तरीही उपाशी की अपचनी ह्या प्रश्नाचा निकाल लागण्यास एवढे तोलणे पुरले.

शेजारच्या दोन घरी

हा प्रकार आपल्याच आकाशगंगेचा लहरीपणा तर नव्हे? मेसिए ८१ च्या केंद्राने ह्याचे उत्तर दिले. २००१ साली ब्रुन्थालर आणि सहकाऱ्यांना तेथेही वर्तुळ-ध्रुवण सापडले आणि सरळ ध्रुवण आढळले नाही. पुढे २००६ साली त्यांनी साडेतीन मिलिमीटरांच्या तरंगांपर्यंत शोध घेतला, तरी ते मिळाले नाही. वर्तुळ-ध्रुवणाची फिरण्याची दिशा मात्र वर्षानुवर्षे तीच राहिली. नसलेल्या ध्रुवणावरूनही त्यांनी हिशेब काढला. ते पुसून टाकण्याइतका वायू तेथे असलाच पाहिजे, म्हणून वर्षाला सूर्याच्या किमान एक कोटीव्या हिश्श्याइतका वायू त्या कृष्णविवरात जात असावा. एके ठिकाणी ध्रुवण टिकले म्हणून वरची मर्यादा मिळाली, दुसऱ्या ठिकाणी ते हरवले म्हणून खालची.

मेसिए ८७ ची कथा अधिक भव्य आहे. पृथ्वीवर दूरदूर पसरलेल्या दुर्बिणी जोडून ‘इव्हेंट होरायझन टेलिस्कोप’ ह्या संघाने एप्रिल २०१७ मध्ये १.३ मिलिमीटरांच्या तरंगांत तेथील कृष्णविवराचे वेध घेतले. त्यावरून तयार झालेले तेजस्वी कड्याचे चित्र एप्रिल २०१९ मध्ये जगाने पाहिले. त्याच वेधांतील ध्रुवण उलगडण्यास आणखी दोन वर्षे लागली. २४ मार्च २०२१ रोजी ते चित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा कड्यावर चक्राकार वळलेल्या रेषा दिसल्या. ध्रुवण काही भागांत शेकडा पंधरापर्यंत होते. कड्याजवळचे चुंबकीय क्षेत्र १ ते ३० गॉसच्या दरम्यान असावे असा अंदाज निघाला. आपल्या पृथ्वीचे क्षेत्र सुमारे अर्धा गॉस असते. दोन-तीन पटींपासून पन्नास-साठ पटींपर्यंत, एवढेच! आकडा लहान वाटतो, परंतु इतके क्षेत्र तेथील विरळ वायूला थोपवून धरण्यास आणि त्याचा काही भाग झोताच्या रूपाने बाहेर लोटण्यास पुरेसे आहे. कर्टिस ह्यांनी पाहिलेल्या त्या सरळ किरणाचे मूळ अशा रीतीने हाती येऊ लागले आहे.

आपल्या आकाशगंगेच्या गाभ्याचे असेच ध्रुवणचित्र मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातही तशाच वळलेल्या रेषा आहेत. एक कृष्णविवर दुसऱ्याच्या दीड हजार पटींहून अधिक वजनदार, एकातून हजारो प्रकाशवर्षे लांबीचा झोत निघालेला, दुसऱ्यात तसा झोत स्पष्टपणे दिसलेला नाही. तरी दोघांच्या काठावरचे चुंबकीय क्षेत्र एकाच नमुन्याचे दिसते. मग एकातून झोत का आणि दुसऱ्यातून का नाही, हा आता पुढचा प्रश्न झाला आहे.

आपल्या पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळ खोडद येथे, गोविंद स्वरूप ह्यांच्या पुढाकाराने उभारलेली तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ-दुर्बीण आहे. अनेक तबकड्या जोडून एक प्रचंड दुर्बीण करावयाची, हे तत्त्व तिचे आणि वर सांगितलेल्या संघाचे एकच आहे. तिच्या साहाय्याने आकाशगंगेच्या गाभ्याचा हा उगम सुमारे अर्ध्या मीटरच्या लांब तरंगांत टिपला गेला, ते काम २००४ साली प्रसिद्ध झाले. इतक्या लांब तरंगांना वर सांगितलेल्या मानाने वीस हजारांहून अधिक वेढे पडावयाचे, म्हणून गाभ्याच्या सरळ ध्रुवणासाठी ही दुर्बीण नाही. पण तो उगम किती लांब तरंगांपर्यंत दिसतो आणि त्याच्यापुढे कोणता वायू आडवा आहे, ह्यांची माहिती अशाच दुर्बिणीतून मिळावयाची.

शेवटी ताजी बातमी सांगतो. मेसिए ८७ चे ध्रुवण २०१७, २०१८ आणि २०२१ ह्या तीन वर्षी मोजून २०२५ साली ताडून पाहिले गेले. कड्याचा आकार जसाच्या तसा होता, पण कड्यावरच्या रेषांचे वळण २०१७ साली जे होते त्याच्या उलट २०२१ साली झाले होते. तेजाच्या चित्रात ह्या उलथापालथीचा मागमूसही नव्हता. क्षेत्रच पालटले, की मधल्या वायूचा पीळ बदलला, की दोन्ही घडले, हे ठरविण्यासाठी वरचेवर आणि अनेक लांब्यांच्या तरंगांत मोजणी करावी लागेल. ती आता सुरू झाली आहे.